झाकणाची पूजा

‘माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता’ असं म्हणून सुरू होणाऱ्या हकिगती मी इथे नेहमी वाचतो आणि एकीवरही विश्वास ठेवत नाही. तुम्ही माझ्यावर ठेवावा असा आग्रह नाही... पण घडलं ते असं.

पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हापासून आमच्याकडे सगळंच जिल्हास्तरीय झालं आहे. खगोल मंडळसुद्धा. सभासद मोजके, पदाधिकारी त्याहून जास्त. गेल्या हिवाळ्यात मंडळाने सौंसरला एका शाळेच्या मैदानावर ‘शनिदर्शन’ ठेवलं. माझी काकू – सौंसरजवळच काका-काकूंची संत्र्याची बाग – हट्टाने निघाली. काका नाही आले. "वावरातून फुकटात दिसते आभाळ, तिथं रांगेत काहून उभं राहू?" म्हणाले आणि लदलेल्या फांद्यांना टेकू लावायला निघून गेले. मला ते पटलं होतं, पण काकूला स्कूटरवर न्यायचं काम माझ्याकडेच आलं.

दिवेलागणीला कार्यक्रम सुरू झाला. म्हणजे भाषणं सुरू झाली. मग दुर्बिणीची पूजा – हळद-कुंकू, नारळ, आणि नळीच्या तोंडावर झेंडूचा हा एवढा मोठा हार. एका आजोबांनी तेल कुठे वाहायचं ते विचारलं. मुख्य पाहुणे वाकले, डोळा लावला आणि म्हणाले, "अद्भुत!" टाळ्या. त्यानंतर रांगेतला जो तो वाकायचा आणि "वा, कडं दिसलं!" म्हणून बाजूला व्हायचा.

माझी पाळी आली. आत काळाकुट्ट अंधार. पुढे जाऊन पाहिलं, तर हाराखाली दुर्बिणीचं झाकण तसंच! कुंकूही त्यालाच लागलं होतं. पाहुण्यांसमोर हार उतरवायची कोणाची हिंमत नव्हती, आणि सगळ्यांना शनी दिसतच होता तर गरजही नव्हती. इतका आनंद मला खरा शनी पाहूनही झाला नसता. ही गंमत काकूला सांगायला वळलो, तर तिने डोळा लावलेला.

"बाबू," ती म्हणाली, "हे तं आपलं वावर आहे."

"काकू, तिथं काही नाही. झाकण–"

"झाडं उलटी दिसून राहिली. बुंधे वर... अन् तुझे काका पडले आहेत रे! विहिरीपासच्या झाडाखाली. शिडी अंगावर आहे. हलून नाही राहिले."

अध्यक्ष लगबगीने आले. "ताई, तो टायटन असेल. शनीचा उपग्रह आहे तो."

"उपग्रहाले धोतर राहते काय हो?" काकू ओरडली आणि स्कूटरकडे पळाली.

काकांना फोन लावला. नुसता वाजत राहिला. काका बांधावर विडी ओढत भेटतील आणि मग मी काय काय बोलेन, त्याची वाक्यं मी रस्ताभर जुळवत होतो.

काका विहिरीजवळच्या झाडाखाली होते. शिडी अंगावर. डोक्यातून रक्त. श्वास तेवढा चालू होता. तसंच नागपूरला नेलं. रात्रभर तिथेच पडून राहिले असते तर वाचले नसते, असं डॉक्टर म्हणाले.

आता स्पष्टीकरण. काका शिडी घेऊन जाताना काकूने पाहिलं होतं, मनात धाकधूक होती, लागला अंदाज... एवढं मी स्वतःला सांगून पाहतो. पण अशा दुर्बिणीतून जमिनीवरचं पाहिलं तर ते उलटं दिसतं, हे तिला कोणी सांगितलं? तिने जन्मात दुर्बीण पाहिली नव्हती. आणि भाषणांत ऐकलं असेल म्हणाल, तर तिथे पाहुण्यांपलीकडे कोणाचाच उल्लेख नव्हता, शनीचाही नाही.

‘दिव्यदृष्टी’बद्दल मंडळाने काकूचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार ठरवला. ती गेली नाही. दुर्बिणीच्या वाटेलाही जात नाही. "अजून कोणाचं दिसलं तं?" म्हणते. काका मात्र बरे झाल्यावर काठी टेकत शनी पाहून आले – या वेळी झाकण काढलेलं होतं. "एवढासाच?" म्हणाले.

मी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला जातो. मला खगोलाची गोडी लागली, असा अध्यक्षांचा समज आहे, आणि ते भाषणात तसं सांगतातही. लोक पांगले की आवराआवरीच्या निमित्ताने मी दुर्बिणीला झाकण लावतो, कोणी पाहत नाही ना ते बघतो, आणि डोळा लावतो.

आजवर अंधारच दिसला आहे. तरी त्यानंतर मी काकांना एक फोन लावतोच.