घरात न मावणारा राजा

अकोल्याच्या जठारपेठेतल्या भगवंतराव तायड्यांना सगळं मोठं लागायचं. मिशी मोठी, आवाज मोठा, चहाचा पेला मोठा. एसटीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी अमरावतीच्या एका प्रदर्शनातून बुद्धिबळाच्या सागवानी सोंगट्या आणल्या. राजा चांगला वांग्याएवढा. पट मात्र जुनाच, पुठ्ठ्याचा, कशावर तरी फुकट आलेला.

"राजा घरात मावतच नाही ना," शेजारचे जानराव म्हणाले.

"राजाले घर लहानच पडते," म्हणत भगवंतरावांनी प्यादं सरकवलं आणि कोपरानं दोन उंट आडवे केले.

दोघं रोज ओट्यावर खेळत. भगवंतराव रोज जिंकत आणि गल्लीभर सांगत सुटत. एका संध्याकाळी जानरावांनी घोड्यानं शह दिला.

"कायचा शह? तुहा घोडा बाजूच्या घरात हाय."

"अर्धा इकडं हाय ना!"

"मंग अर्धाच शह."

जानरावांनी चपला घातल्या आणि ते निघून गेले. पुन्हा आलेच नाहीत.

रिकामे झालेले भगवंतराव स्वयंपाकघरात शिरले. झाकणं उचलून बघत, फोडणीला सल्ले देत. बायको माणिकबाई चार दिवसांत विटल्या. त्यांनी राजा आणि मूठभर प्यादी भाजीच्या पिशवीत टाकली आणि खेळाच्या सामानाचं दुकान गाठलं.

दुकानदारानं दाखवलेल्या पहिल्या पटावर राजा मोकळ्या वावरातल्या एकट्या बकरीसारखा दिसला. दुसऱ्यावर तो शेजारच्या घरात पाय पसरून बसला.

"एका घरात चार प्यादी दाटीनं बसली का पट बरोबर," दुकानदार म्हणाला.

माणिकबाईंनी दुकानातले सगळे पट तसे तपासले. दुकानदाराला बोलल्याचा पस्तावा झाला. शेवटी एकावर चार प्यादी नेमकी बसली, राजाभोवतीही बेताची जागा उरली.

परतताना त्या जानरावांच्या दारात थांबल्या. "भाऊजी, उद्या खेळाले या. नाही तं मी आमच्या ह्यायलेच तुमच्या घरी आणून सोडते."

जानराव निमूट आले. नव्या पटावर प्रत्येक सोंगटी आपापल्या घरात उभी राहिली. चहा निवायच्या आत भगवंतराव हरले. पुन्हा मांडला, पुन्हा हरले.

"पटच खराब हाय!"

"पटाले काय झालं?" माणिकबाई म्हणाल्या. "घोडा अडीच घरं चालते. तुमचा आजवर साडेतीन चालून राहिला होता."

इतके जिंकलेले डाव दोन घरांच्या मधल्या फटीत जिंकले होते, हे भगवंतरावांना आत कुठंतरी टोचलं. मग पहिल्यांदाच हळू आवाजात ते म्हणाले, "जानराव, घोडा कुठं कुठं जाते, एकदा दाखव बरं."

जानरावांनी घोडा पटाच्या मधोमध ठेवला आणि तो जाऊ शकेल त्या प्रत्येक घरात एकेक प्यादं मांडलं.

"इतक्या ठिकाणी जाते?" भगवंतराव थक्क झाले.

आता ते रोज हरतात. गल्लीत कोणी विचारलंच, तर मिशीवर हात फिरवून सांगतात, "जानरावले म्याच तयार केलं."