कौलावरून मारलेली हाक

आधीच सांगते, मी या गोष्टींना भीक घालणाऱ्यातली नाही. भूत, करणी, मूठ... माझ्याकडे ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायका तासन्‌तास हेच बोलतात आणि मी कात्री चालवत "हो का, बरं" एवढंच म्हणते. या सदरातले अनुभव मी करमणूक म्हणून वाचते, आणि निम्मे वाचताना "काय फेकते ही!" असं मोठ्याने म्हणतेही. तेव्हा माझं वाचून कुणी तसंच म्हणालं तर माझी तक्रार नाही. खुशाल म्हणा.

मी पोशीरला राहते, नेरळहून कळंबला जाणाऱ्या रस्त्यावर. घराला पुढे स्लॅब, मागे जुनी कौलारू पडवी आणि पडवीला लागूनच आमचं भाताचं शेत. मुलगी पनवेलला मावशीकडे राहून शिकते, त्यामुळे घरात आम्ही तिघंच — मी, माझे मिस्टर आणि सासूबाई. सासूबाईंना मी आई म्हणते. मिस्टर कळंबच्या बाजूला एका रिसॉर्टचा टेंपो चालवतात आणि सुट्टीला शेत बघतात. सासरे मी पाहिलेच नाहीत. मिस्टर रांगत होते तेव्हाच ते तापाने गेले. घरात त्यांचा फोटोसुद्धा नाही.

आता मुद्द्याचं. मला कोरियन सिरीयलचं वेड आहे. ते लव्हस्टोरीवालं नाही हं, राजे-राण्यांचं. मशीनला मोबाईल टेकवून ठेवायचा, हिंदीत डब केलेलं लावायचं आणि काज-बटण करत बसायचं. सुरुवात कपड्यांपासून झाली. त्यांचे ते आखूड झगे, पुढे बांधलेली लांब नाडी, घेरदार परकर... शिंपिणीची नजर, दुसरं काय! मग वाचायला लागले. कळलं की दोन हजार वर्षांपूर्वी तिथे तीन राज्यं होती — गोगुर्यो, बेक्जे आणि सिल्ला. गोगुर्योच्या थडग्यांत भिंतींवर चित्रं आहेत आणि त्यातल्या माणसांच्या अंगात चक्क ठिपक्याठिपक्यांचे अंगरखे आहेत, खाली चुण्यांचे परकर. दक्षिणेकडच्या थडग्यांत बदकाच्या आकाराची मातीची भांडी सापडतात. जीवाला पलीकडे न्यायला पाखरू लागतं अशी त्यांची समजूत होती म्हणे. हे सगळं मी मिस्टरांना जेवताना सांगायचे आणि ते "भाजी वाढ" म्हणायचे.

आई मात्र माझ्याबरोबर बसून बघायच्या. हिंदी अर्धं कळायचं, पण बघायच्या. त्यांच्यासाठी ते सगळे चिनी. मी शंभरदा सांगितलं, "आई, कोरियन हो!" शेवटी हात टेकले.

तर एका भागात राजा मरतो. वैद्य नाकाला कापूस लावून बघतो, कापूस हलत नाही. आणि लगेच एक नोकर राजाचा झगा घेऊन महालाच्या कौलांवर चढतो, उत्तरेकडे तोंड करतो, झगा हलवतो आणि ओरडतो — "महाराज, परत या!"

"आगं मंगल, यो कौलावर का चडला?" आईंनी विचारलं.

"जीव अजून लांब गेला नसेल म्हणून हाक मारतो. तीनदा मारायची. आला तर आला, नाहीतर मग रडायचं."

"आन् येतो का?"

"सिरीयलमध्ये तर नाही आला."

"मंग हाक बरोबर मारली नसंल," आई म्हणाल्या आणि तंबाखूची चंची शोधायला उठल्या.

मी नंतर त्याबद्दलही वाचलं होतं. रीत फार जुनी, चीनच्या जुन्या पोथ्यांमधून आलेली. राजवाड्यातही करायचे आणि झोपडीतही. फरक एवढाच की साध्या माणसाला त्याच्या नावाने हाक मारायची. राजाचं नाव घेणं म्हणजे अपराध, म्हणून त्याला नुसतं "महाराज". हे वाचून मी हसले होते, कारण आमच्याकडे प्रत्येक नवरा म्हणजे राजाच! मी लग्नात उखाण्यात नाव घेतलं ते घेतलं, त्यानंतर मिस्टरांचं नाव माझ्या तोंडातून कधी बाहेर पडलं नाही. "अहो" म्हणायचं. सासरे होते तोवर आईंनीही तेच केलं. आमच्याकडे तीच पद्धत आहे, त्यात मला काही वावगं वाटत नव्हतं.

मागच्या वर्षी भातकापणीच्या दिवसांतली गोष्ट. ऊन कडक, आभाळ स्वच्छ. दुपारची जेवणं झाली होती. मिस्टर आणि त्यांचे चुलतभाऊ, म्हणजे आमचे बाळाराम भावजी, कापून ठेवलेले भाताचे भारे उचलत होते. मी पुढे मशीनवर मिस्टरांच्याच शर्टाची कॉलर उलटून शिवत होते. तेवढ्यात मागून भावजींची आरोळी — "वयनी! दादाला पान लागलं!"

पान लागलं म्हणजे साप चावला. आमच्याकडे साप असं तोंडाने म्हणत नाहीत.

धावत गेले. मिस्टर स्वतःच्या पायांनी चालत येत होते, मनगट धरून. भाऱ्याखाली नाग होता. "काय नाय, जरासं लागलंय," म्हणाले. पण पडवीपर्यंत येईतो त्यांच्या पापण्या खाली यायला लागल्या. उघड्या ठेवायचा प्रयत्न करत होते आणि त्या राहात नव्हत्या. बोलणं जड झालं. शेजारच्या म्हातारीने भगताचं नाव काढलं, तिच्यावर मी अशी खेकसले की ती आजही माझ्याशी बोलत नाही. साप चावला की दवाखाना. दुसरं काही नाही. हे मी इथेही ओरडून सांगते.

भावजींनी इको काढली, मागच्या सीटवर मिस्टरांना आडवं घेतलं. मी बसणार तेवढ्यात आई पायरीवर कोसळल्या. डोळे फिरले होते. "तुमी व्हा पुढं," मी भावजींना म्हणाले, "मी रिक्षाने मागून आलेच." गाडी गेली. आईंना पाणी मारलं, उठवून बसवलं, चपला घातल्या आणि फोन वाजला.

भावजी रडत होते. "वयनी... श्वास थांबलाय दादाचा. डॉक्टर लोक फुगा दाबतायत तोंडावर... हलत नाय गं काय..."

पुढचं मला ऐकू आलं नाही. मी फोन हातात धरून उभी राहिले. आईंना मी काही सांगितलं नाही, पण त्यांना कळलं. आईंनी माझा दंड असा धरला की वळ उठले.

"चड," म्हणाल्या.

"काय?"

"कौलावर चड! ते चिनी चडतात ना तशी. माजे गुडगे नाय चालत गं, नायतर मीच गेले असते. जा, माज्या पोराला बोलव!"

एरवी मी त्यांना वेड्यात काढलं असतं. त्या वेळी नाही काढलं. मशीनवरून शर्ट ओढला, कॉलर अर्धी लोंबत होती, मागे धावले, शिडी लावली आणि पडवीच्या कौलांवर चढले. पायाखाली दोन-तीन कौलं फुटली. उत्तर कुठे, तर उल्हास नदी वाहत जाते तिकडे. तिकडे तोंड केलं, शर्ट हलवला... आणि तोंडातून नाव निघेना! खरं सांगते, जीव जात होता त्या माणसाचा आणि माझी जीभ उचलेना. इतक्या वर्षांची सवय. शेवटी जे रोज निघतं तेच निघालं.

"अहोऽऽ!"

कापलेलं शेत समोर मोकळं पडलं होतं. माणूस नव्हता, जनावर नव्हतं.

"अहोऽऽ!"

आणि शेतातून उत्तर आलं. "ओऽ."

पुरुषाचा आवाज. घाईत असलेला, कामावरून घरी येता येता माणूस देतो तसा. मिस्टरांचा नव्हता. मी त्यांचा आवाज झोपेतही ओळखेन. मी शेतभर नजर फिरवली, बांध पाहिले, उरलेले भारे पाहिले. कुणी नाही. शर्ट धरलेला माझा हात वरच राहिला. मग मी खाली आईंकडे पाहिलं.

आईंनी डोक्यावर पदर घेतला होता.

त्यांना मी पदर घेताना कधी बघितलं नव्हतं. विधवा बाई, सगळी हयात शेतात राबलेली, कुणाचा मुलाहिजा न ठेवणारी. आणि ती अंगणात खाली मान घालून, पदर सावरून उभी होती. मग एकदम भानावर आल्यासारखी किंचाळली, "मंगल, नाव घे! ह्ये माजं पोर नव्हं गं! नाव घे माज्या पोराचं!"

"रमेशऽऽऽ!" मी ओरडले. घसा फाटेपर्यंत ओरडले. "रमेश! परत या! रमेश!"

उत्तर आलं नाही. मी कौलांवरच बसले आणि रडले.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा मिस्टरांना श्वासाचं मशीन लावलं होतं. छाती चालू होती. इंजेक्शनं, मशीन, डॉक्टर, नर्स, यांनी त्यांना वाचवलं, यात तिळमात्र शंका नाही. त्या सगळ्यांचे पाय धरले मी. नागाच्या विषाने श्वास बंद पडतो आणि वेळेत मशीन मिळालं तर माणूस परत येतो, हे डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. मला पटलंही. गोष्ट एवढ्यावरच संपली असती तर हा अनुभव लिहायला बसलेही नसते.

पण नळी काढल्यावर, आवाज अजून घोगरा असताना मिस्टर मला पहिलं वाक्य काय बोलले? "तू माझं नाव घेतलंस?"

त्यांना कौलाचं कुणीच सांगितलेलं नव्हतं. भावजींनासुद्धा माहीत नव्हतं.

मग ते तुकड्यातुकड्याने बोलले. ते बांधावरून चालत होते. काही दुखत नव्हतं. पुढे एक माणूस चालला होता, कमरेला कोयता लावलेला. मागून माझी हाक ऐकू आली, "अहो". मिस्टर वळणार तोच पुढचा माणूस थांबला, "ओ" म्हणाला आणि झपाझप उलटा निघाला. यांच्या अंगावरून गेला, पण यांच्याकडे पाहिलं नाही. "मला वाटलं, त्यालाच हाक आहे," मिस्टर म्हणाले. "मी आपला पुढं चालू लागलो. आणि मग तू नावानं ओरडलीस. मला असा राग आला! म्हटलं, हिची हिंमत कशी झाली? दोन शब्द सुनवायला म्हणून मागं वळलो."

मी हसले आणि हसता हसता रडायला लागले. वॉर्डातल्या बाया बघत राहिल्या.

घरी आल्यावर खरी गंमत सुरू झाली. गंमत म्हणते, पण तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. मिस्टर माझ्यासमोर ताटावर बसलेले. मी भाकरी भाजत सवयीने म्हणाले, "अहो, अजून वाढू का?" आणि मागच्या पडवीतून उत्तर आलं, "ओ." मिस्टरांनी घास खाली ठेवला. ते पांढरेफटक पडले. आम्ही दोघंही जागचे हललो नाही. आई तेवढ्या शांतपणे उठल्या, पदर घेतला आणि मागच्या दाराशी जाऊन बसल्या.

त्या दिवसापासून मी नवऱ्याला रमेश म्हणते. चारचौघांत म्हणते. गावात बायका टोमणे मारतात, "टीव्ही बघून मंगल लई मॉडर्न झाली गं!" मी कुणाला कारण सांगत बसत नाही.

पुढे मीच पुन्हा वाचून पाहिलं. म्हटलं, चुकून आलेल्याला परत पाठवायची काही रीत असेलच. राजाला नाव न घेता हाक मारली तरी चालतं, कारण राजा एकच असतो, दुसरा कोण ओ देणार? अहो मात्र घरोघरी आहेत. पण कुठे काही सापडलं नाही. सिरीयलमध्ये नुसतं बोलावतात. आलेल्याचं पुढे काय करायचं, ते कुणी दाखवत नाही.

हे मी एकदा आईंपाशी बोलले. त्या माझ्यावर उसळल्या. "पाटवायचं नाव काडशील तर याद राख! मी कोवळी पोर व्हते तवा. त्ये गेले आन् बाया मला धरून बसल्या, रडू दिलं फकस्त. हाक मारायची आसती ह्ये मला कुनी सांगितलंच नाय." मग आवाज खाली आला. "आता आलेत ना. राहू दे गं."

त्यानंतर मी विषय काढला नाही. रोज दिवे लागायच्या आधी आई मागच्या दाराशी बसतात. "अहो, दव पडतंय, आत या," असं काहीबाही बोलतात. कधी ओ येते, कधी नाही. मी पुढच्या खोलीत मशीन जोरात चालवते, म्हणजे ऐकू यायला नको. मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू? ज्याने त्या दिवशी माझ्या नवऱ्याची परतीची वाट अडवली नाही, त्याने काही वाईट केलेलं नाही, हे मनाला समजावते. तरी वाटते.

काल आई शेजारी गेल्या होत्या. मिस्टर लवकर घरी आले आणि मागच्या पायरीवर जाऊन बसले. मला वाटलं, बिडी ओढत असतील. मग त्यांचा आवाज आला. इतका हळू, की मशीन चालू असतं तर कळलं नसतं.

"बाबा."

या वयात, जन्मात पहिल्यांदा. अशी हाक मारायला कुणी नव्हतंच कधी.

ओ आली. लगेच आली.

याला काय म्हणायचं ते मला ठाऊक नाही. डॉक्टरांना विचारायची सोय नाही आणि देवळात विचारायची हिंमत नाही. मी उठून मागचं दार लावून घ्यायला हवं होतं. उठलेही. पण मिस्टर पायरीवर एका बाजूला सरकून बसले होते, शेजारी एका माणसापुरती जागा करून, आणि माझ्याच्याने ते दार लावलं गेलं नाही.