आधी स्वतःच्या नडगीला

माझ्या ताईच्या सासऱ्यांइतका गोचिडांचा द्वेष करणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर झाला नसेल, आणि गोचिडांनीही त्यांच्याइतकं कुणाला हसण्यावारी नेलं नसेल. पौडच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो तेव्हा मी ताईच्या सासरीच उतरलो होतो. नवे पैसे बाजारात येऊन थोडेच दिवस झाले होते, पण हे सासरे, म्हणजे आबा, गावचा पाऊस, भाताचं पीक, जावयाचा स्वभाव, सगळं आण्यांतच मोजत. माझ्या शिकवण्याला त्यांनी पहिल्याच आठवड्यात नऊ आणे दिले होते, तेही पाहुणा म्हणून.

भांडणाचं मूळ होतं चांद्या. कपाळावर पांढरा ठिपका असलेलं हे काळं कुत्रं ओसरीवरच जन्मलं आणि ओसरीवरच आबांच्या घोंगडीत वाढलं. पण ताईचं बाळ रांगायला लागलं आणि एके दिवशी त्याच्या गोधडीवर वाटाण्याएवढा फुगलेला गोचीड सापडला. ताईने पदर खोचून सांगितलं, "मामंजी, याच्या अंगावरचे गोचीड जाईपर्यंत हा ओसरी चढायचा नाही." आबांनी संध्याकाळी घोंगडी काखेत मारली आणि ते चांद्यापाठोपाठ गोठ्यात झोपायला गेले. घरचा कर्ता म्हातारा गोठ्यात झोपतो म्हटल्यावर गावात ताईची जी शोभा झाली ती विचारू नका. पण तीही हटली नाही.

तेव्हापासून आबांची औषधं सुरू झाली. त्यांचा नियम एकच. कुठलंही औषध आधी स्वतःच्या नडगीला लावायचं, मग कुत्र्याला. "मुकं जनावर आग हुतिया म्हून सांगनार हाय का?" असं ते विचारत. करंजाचं उग्र वासाचं तेल लावलं ते नेमकं नात्यातल्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी. पंगतीत त्यांच्या दोन्ही बाजूंचे पाट रिकामे राहिले, आणि वाढप्याने जिलबी लांबूनच ताटात टाकली. तंबाखूचं पाणी लावलं तेव्हा त्यांनाच घेरी आली. डोक्याला ओला पंचा गुंडाळून आडवे पडले होते, तरी कौतुक संपेना. "मास्तर, औषधाला जोर लई हाय बरं का." सीताफळाच्या बिया वाटून लावल्या तर चांद्या तडक नदीत जाऊन बसला आणि सगळं औषध धुऊन परत आला. त्यावर आबांचा निकाल असा, "औषध चौदा आणे. कुत्रं दोन आणे."

गोचीड गळत नव्हते असं नाही. गळत, आणि आठ दिवसांत पुन्हा भरत, कारण चांद्या म्हशीला टेकून झोपे आणि म्हैस गोचिडांचं माहेर होती. मी एकदा भीत भीत म्हटलं, "आबा, मग औषध म्हशीलाच का लावत नाही?" आबांनी म्हशीकडे पाहिलं, मग स्वतःकडे पाहिलं. "तिला लावायचं तर आधी मला तेवढं लावाय लागंल," ते म्हणाले, "आन् मी तेवढा कुटं हाय?"

मग हिवतापाच्या फवारणीची माणसं गावात आली. घराच्या भिंतींवर डीडीटी मारायला आलेल्या माणसापुढे आबा सदरा काढून उभे राहिले. तो बिचारा म्हणाला, "आजोबा, हे डासांसाठी आहे." आबा म्हणाले, "गोचीड काय त्येंचा पाव्हना न्हाई का? मार!" त्याने फवारलं नाही, पण आबांनी गोड बोलून, चहा पाजून वाटीभर पूड काढलीच. पावसाने धुऊन जाऊ नये म्हणून ती करंजाच्या तेलात कालवली. दोन दिवस नडगीला चोपडून हिंडले. आग नाही, घेरी नाही, काही नाही. तिसऱ्या दिवशी चांद्याला शेपटीपासून कानापर्यंत माखलं. सकाळपर्यंत गोचीड पटापट गळून पडले. आबा अंगणातूनच ओरडले, "सूनबाई, सोळा आणे! बघ ये!" ताईने चांद्याला वरून खालून पाहिलं आणि पायरीवरून बाजूला झाली. आबांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

दुपारी चांद्या थरथरायला लागला. तोंडाला फेस आला, उभा राहायला गेला की पडे. आबा त्याच्यापाशी मटकन बसले. "मला तर काय बी झालं न्हाई," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. ताई म्हणाली, "मामंजी, तो सकाळपासून अंग चाटतोय. तुम्ही नडगी चाटली होती का?"

आबांनी धोतर वर करून पाय दोन्ही हातांनी तोंडाकडे ओढायला सुरुवात केली. सत्तरीच्या माणसाची नडगी तोंडापर्यंत पोचत नाही म्हणून आम्ही वाचलो. मी त्यांचा पाय धरला, ताईने मान धरली. "सोडा! नेम मोडलाय माजा!" असं ते ओरडत होते, आणि आम्ही तिघं ओसरीवर लोळत होतो. बाळ टाळ्या वाजवत होतं.

शेवटी ताईनेच पाणी तापवलं. स्वतःच्या केसांसाठी ठेवलेल्या शिकेकाईने चांद्याला तीनतीनदा धुतलं आणि बाळाच्या जुन्या दुपट्यात गुंडाळून चुलीपाशी ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्याने दुधात कुस्करलेली भाकरी खाल्ली. त्याला पुन्हा गोठ्यात न्यायला आबा उठले, तेव्हा ताई पाठ फिरवून म्हणाली, "राहू द्या इथंच. आणि तुम्हीही घोंगडी आणा आत."

त्यानंतर आबांनी औषधाचं नाव काढलं नाही. रोज दुपारी जेवण झालं की चांद्याचं डोकं मांडीवर घ्यायचं, करवंटीत थोडं रॉकेल घ्यायचं आणि बोटांनी एकेक गोचीड वेचून त्यात टाकायचा. मी शाळेतून यायचो तेव्हा बहुतेक दोघंही झोपलेले असायचे, आणि आबांची बोटं झोपेतही कानामागे फिरत असायची. मला या म्हाताऱ्याचा फार लळा लागला होता, हे आता सांगायला हरकत नाही.

चांद्या पुष्कळ जगला. एका उन्हाळ्यात तो सकाळी उठलाच नाही. बांधाशी खड्डा खणून झाला, मी त्याला उचलायला वाकलो, तर आबा म्हणाले, "थांबा जरा." त्यांनी खाली बसून त्याचे दोन्ही कान उलटून पाहिले, पंजाची बोटं फाकवून पाहिली, शेपटीखाली पाहिलं. मी हळूच म्हटलं, "आबा, आता कशाला?"

"साफ हाय," आबा म्हणाले. "एक बी न्हाई." आणि त्याचा कान हातात धरून तसेच बसून राहिले.