बसायला येणारी कौतिकमाय

कुणाच्या दुखण्याच्या घरी जाताना कौतिकमाय काखेत आपलं बसायचं पोतं घेऊन जायची. खताचं रिकामं पोतं, उसवून धुतलेलं. ते अंथरून ती बसायची आणि तुम्ही पाण्याचा गडवा घेऊन पुढे झालात तर हात आडवा करायची. “दुखन्याच्या घरी पाव्हनं हून येऊ नये, बाई. त्यायले आधीच उठबस कमी हाये काय?” चहा तर तिने अशा घरी कधी घेतलाच नाही. मेडशीतल्या आमच्या वस्तीत एखाद्या दारात ते पोतं दिसलं की लोक समजायचे, इथे काहीतरी बिघडलंय. माझ्या दारात ते पहिल्यांदा अंथरलं गेलं तेव्हा मला तिचा रागच आला होता.

माझे यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणतं, इथे मीही तेच म्हणते. वर्गात शिकवता शिकवता त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. अकोल्याच्या दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, त्यांना समजतं सगळं, फक्त शब्द सापडत नाहीत. आषाढी ते आश्विन पौर्णिमा, वर्षावासाचे तीन महिने आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. अकरा वर्षं ते मास्तरांनी केलं होतं, आणि आवाज असा की रस्त्यापलीकडच्या टपरीवर ऐकू जायचा. त्या माणसाला आता पाणी मागता येईना. ‘ग… ग…’ करायचे आणि माझ्याकडे बघत राहायचे. मला ते बघणं सोसवत नसे. खोटं कशाला बोलू, मी कामाच्या निमित्ताने त्यांच्यासमोरून निघून जायची.

कौतिकमाय सत्तरीची, रोजमजुरी करणारी, अक्षरशत्रू. सोयाबीन सोंगायला मात्र तरण्या बायांच्या पुढे. दिवसभर वावरात राबून संध्याकाळी ती मास्तरांच्या खाटेजवळ येऊन बसायची. बोलायची काही नाही. एकदा मी फणकाऱ्याने विचारलं, “नुसतं बसून काय होते, माय?” ती म्हणाली, “माह्या घरवाल्याच्या दुखन्यात कोनी आलं नाही बसाले. तवा समजलं काय होते ते.”

बसल्या बसल्या ती त्रिशरण पुटपुटायची. एका संध्याकाळी मी आत भाकरी थापत होते आणि बाहेरून दोन आवाज आले. ‘बुद्धं सरणं गच्छामि.’ दुसरा आवाज मास्तरांचा होता. स्पष्ट, एकही अक्षर न अडखळता. मी पिठाच्या हातांनी धावले. तोवर कौतिकमाय अनवाणी रस्त्यावर पोचली होती. “मास्तर बोलले! अवं बायाहो, मास्तर बोलले!”

अर्धी वस्ती अंगणात जमली. कुणी नारळ आणला. एक म्हातारा पुढे होऊन म्हणाला, “मास्तर, वयखलं काय मले? माह्यं नाव सांगा बरं.” मास्तरांनी तोंड उघडलं. ‘ग… ग…’ दुसऱ्याने विचारलं, तिसऱ्याने विचारलं. पाठ असलेली वंदना आली होती, पण साधं बोलणं आलं नव्हतं, हे आमच्यापैकी कुणालाच कळलं नाही. मास्तरांनी डाव्या हाताने खाटेची पाटी बडवली, भिंतीकडे तोंड केलं आणि रडू लागले. त्यांना रडताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

मी कौतिकमायवर तुटून पडले. आमचा तमाशा केला म्हणाले, पुन्हा दारात येऊ नको म्हणाले. तिने पोतं उचललं आणि गेली. चार दिवस मास्तरांनी ओठ उघडले नाहीत. घोटभर पाणी पाजायचं तरी मला विनवण्या कराव्या लागत. जऊळक्याची माझी बहीण म्हणाली, एका बाबाचा अंगारा आणू. एरवी असल्या गोष्टींना हसणारी मी, त्या दिवशी हो म्हणून बसले.

कौतिकमाय मात्र दुसऱ्या दिवसापासूनच रोज येत होती. आत नाही, अंगणाबाहेर रस्त्याच्या कडेला बसायची. पाचव्या दिवशी न राहवून मीच बाहेर गेले. तिने मान खाली घातली. “चुकलं माह्यं. पन चुकलं म्हनून येनं बंद केलं असतं तं मंग ते दुसरं चुकलं असतं.” मी अंगाऱ्याचं सांगितलं. मला वाटलं, चिडेल. ती म्हणाली, “बुद्ध काई देत नाही, बाई. मागाले हात नाही जोडत आपन. आपन एकटे नाही, हे आपल्याच मनाले सांगाले जोडतो.” आणि पोतं झटकत, “तुले जायाचं असन तं जाय. मास्तरापाशी मी बसतो.” मी गेले नाही.

आषाढी पौर्णिमा आली. विहारातल्या पोरांनी नवा वाचक ठरवला होता. कौतिकमाय आडवी आली. “ग्रंथ मास्तरच वाचतीन.” पोरं हसली. तिने त्या चार दिवसांत मनाशी काहीतरी धरलं होतं. “त्यायले एकट्याले येत नाही. माह्यासंगं आलं होतं. तं मंग सगळ्याइनं संगं म्हना.”

तसंच झालं. मास्तरांना खुर्चीत बसवून विहारात नेलं. ज्यांना वाचता येतं त्यांनी भोवती बसून एक ओळ मोठ्याने, एका सुरात वाचायची, पुन्हा वाचायची, मास्तरांचे ओठ हलेपर्यंत. आठव्या-दहाव्या वेळेला ओळीचा शेवटचा शब्द त्यांच्या तोंडून यायचा. कधी तोही नाही. एका संध्याकाळी अर्धं पान झालं तर खूप. लोक कंटाळले. ज्यांचे दिवस निंदण-सोंगणीत जात त्यांना एक ओळ दहा वेळा ऐकायला कुठला धीर असणार? शेवटी सात-आठ बाया तेवढ्या राहिल्या. आश्विन पौर्णिमेला ग्रंथाचा चौथा हिस्साही झाला नव्हता. वर्षावासात ग्रंथ अपुरा राहिला ही आमच्याकडे मान खाली घालायची गोष्ट. शेजारच्या गावचे लोक टोमणे मारू लागले. कौतिकमायने तरी समाप्तीची खीर शिजवली. “ग्रंथ पुढच्या वर्सी बी हाये. मास्तर यंदा पायजेत,” ती म्हणाली आणि द्रोण भरत राहिली.

थंडीपर्यंत मास्तर काठी धरून घरात चार पावलं टाकू लागले, आणि पंधरा-वीस शब्द आले. पाणी, चहा, शाळा. मुलीचं नाव, प्रज्ञा. आणि एका सकाळी, दारात पाहून, “कौतिकमाय.” ती तोंडाला पदर लावून हसली. मी चुलीपुढे जाऊन बसले. मला हेवा वाटला, सरळ सांगते. हगणं-मुतणं मी काढायचं आणि नाव तिचं! माझं नाव किती वेळा त्यांच्यापुढे म्हटलं, सुनंदा, सुनंदा. ओठ हलायचेसुद्धा नाहीत.

माझं तोंड पाहून तिने ओळखलंच. “लगन होऊन बावीस वर्सं झाले ना वं? त्यायनं तुले कदी नावानं बलावलं काय?”

मी आठवून पाहिलं. एकदाही नाही.

“मंग जिभेले कुठून गवसन? जे कदी म्हनलंच नाही ते येईन कसं?” मग तिला हसू फुटलं. “नवस सोडले, अंगारे सोडले, पन बायकोचं नाव घ्याची लाज कोनी सोडली नाही बरं!”

त्या दिवसापासून तिने बायांना कामाला लावलं. रोज संध्याकाळी सात-आठ जणी मास्तरांभोवती बसून एका सुरात ‘सुनंदा’ म्हणत. पोरी खिदळत, मास्तर लाजून लाल होत, मी आत पळून जाई. त्यांच्या तोंडून ते आलं नाही. पण त्या घरात किती दिवसांनी कुणी हसत होतं.

फाल्गुनात कौतिकमायला ताप आला. तीन दिवस अंगावर काढला, वावरात जात राहिली. चौथ्या दिवशी वाशीमला नेलं तेव्हा छाती भरली होती. दुसऱ्या दिवशी तिला परत आणलं ते पांढऱ्या कापडात. तिच्या दुखण्याच्या घरी बसायला मला एक दिवसही मिळाला नाही. त्याची बोच अजून जात नाही.

मास्तरांना स्मशानापर्यंत चालवणार नव्हतं. ते घरीच राहिले. दुपारी मी परत आले, अंघोळ केली आणि मागच्या ओट्यावर जाऊन बसले. उन्हं डोक्यावर होती. सकाळपासून घरात कुणी जेवलं नव्हतं. उठावं, भात टाकावा, एवढंही अंगात नव्हतं. वाटत होतं, आता पुढे काय? इतके दिवस ती होती म्हणून रोजची संध्याकाळ निघाली, आता ती कोण काढणार? आणि मी तोंडात पदर कोंबून रडले, मास्तरांना ऐकू जाऊ नये म्हणून.

मागे काठीचा आवाज झाला. मास्तर उंबऱ्याशी आले होते, दाराच्या चौकटीला टेकून. शेजारी कुणी नव्हतं, संगं म्हणणारं कुणी नव्हतं. ओठ बराच वेळ नुसते हलत राहिले. मी मदत केली नाही. कोणता शब्द हवा, तेच मला माहीत नव्हतं.

“अवं,” ते म्हणाले.

बावीस वर्षं हातातलं काम टाकून ज्या हाकेला मी उठत आले, तीच ही हाक. पुढे काही आलं नाही. त्यांनी काठी सोडून डावा हात पुढे केला, चुलीकडे नाही, माझ्याकडे.

“ओ,” मी म्हणाले, आणि उठले.