अक्काचं पुस्तक, अण्णांची शाल

पन्नासच्या दशकाच्या अखेरीस आमच्या बसवनगुडीच्या घरात माझ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, मुलांसाठी गोष्टी लिहिल्या. बेंगळुरात आम्ही घरी बोलतो त्याच मराठीत, हुळी-भात आणि ‘स्वल्प थांब’ अशा कानडी शब्दांसकट. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, त्या पदरमोड करून छापल्या, पण म्हणाले, “लग्नाच्या मुलीचं नाव बाजारात कशाला?” त्यामुळे लेखकाचं नावच छापलं नाही. आत प्रकाशक म्हणून अण्णांचं मात्र होतं. अण्णांनीच लिहिलंय असा लोकांनी समज करून घेतला आणि आमच्या मराठी मंडळानं अण्णांना शाल-नारळ दिला. अण्णांनी तो घेतला. मला अजून त्या शालीचा राग येतो.

दोन-तीन वर्षांनी मुंबईच्या एका प्रकाशकानं तेच पुस्तक छापलं, वर भलत्याच माणसाचं नाव. गोष्टी त्याच. फक्त गोष्टींतल्या अक्काची ताई झाली होती, हुळीची आमटी, आणि आमच्या बेंगळुरातल्या लालबागेतल्या खडकाचा कुठला तरी डोंगर. चोर तो चोर, वर आमची भाषा धुऊन काढणारा! अक्का ते पुस्तक घेऊन अण्णांसमोर उभी राहिली. “अण्णा, ह्याला सोडू नका,” एवढंच म्हणाली.

वकिलांनी अण्णांना शांतपणे सांगितलं, “नाव छापलं नाही म्हणून हक्क जात नाही. फक्त लिहिलं कोणी ते सिद्ध करावं लागेल. प्रकाशक तुम्ही. कोर्टात तुम्ही एवढंच सांगा, की हे माझ्या मुलीनं लिहिलंय.”

अण्णा “सरी, ठीक आहे, बघू” म्हणाले आणि घरी आल्यावर त्यांनी तो विषयच बंद केला. चार लोकांत शालीचं काय सांगणार होते? अब्रू त्यांची, पुस्तक अक्काचं; गेलं ते पुस्तक. मी भांडले, जेवण टाकलं. अक्का भांडली नाही. पुढे तिचं लग्न झालं, लिहिणंही सुटलं.

तिची मुलगी वाचायला लागली तेव्हा कुणीतरी तिला नेमकं तेच चोरीचं पुस्तक भेट दिलं. सुट्टीत अक्का माहेरी आली होती, ओसरीवर लेकीला वाचून दाखवत होती. ताई आली की ‘अक्का’ म्हणायची, आमटी आली की ‘हुळी’.

“आई, तू चुकीचं वाचतेस,” पोरगी वैतागली. “अज्जा, तुम्ही सांगा हिला!”

अण्णांनी चष्मा लावून पान पाहिलं. म्हणाले, “पुस्तकात आहे तसं वाचावं.”

माझं डोकंच फिरलं. मी पुस्तक त्यांच्या हातातून हिसकावलं. “हे तुझ्या आईनं लिहिलंय,” मी पोरीला ओरडूनच सांगितलं. “सगळं. पहिल्या पानापासून.”

तिनं मुखपृष्ठ उलटसुलट करून पाहिलं. “मग आईचं नाव कुठाय?” तिनं अज्जालाच विचारलं.

संध्येची वेळ झाली म्हणत अण्णा उठले. अंगणात अजून कडक ऊन होतं.