गुऱ्हाळावरचा पाव्हणा

श्रीगोंद्याच्या साखर कारखान्यात बिभीषणरावांनी सत्तावीस वर्षं पॅनमन म्हणून काढली. पॅनमन म्हणजे ज्याच्या हाताखाली रसाची साखर होते तो माणूस. साखरेचा दाणा कधी धरला, रस आटवायचा पॅन कधी सोडायचा, हे यंत्राचे काटे सांगतात खरे; पण बिभीषणराव काचेच्या पट्टीवर थेंब घेऊन उजेडाकडे धरत आणि काट्याच्या आधी सांगत. कामाला वाघ माणूस. खोड एकच, तोंड बंद राहत नसे. पाळी सुटली की चौकातल्या टपरीवर दोन तास गप्पा हाणल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. टपरीवर कोणी भेटलं नाही तर ते वीजबिल वाटणाऱ्याला थांबवत आणि त्याच्या सासुरवाडीची चौकशी करत.

असा माणूस निवृत्त झाल्यावर केनियाला गेला. तिकडच्या साखर कारखान्यांना आपल्याकडचे मुरलेले पॅनमन हवे असतात. पुण्यात मुलाखत झाली, तेव्हा बिभीषणराव उत्तरं देताना इतके रंगले की शेवटी साहेबांनीच हात जोडले. दोन वर्षांचा करार झाला. भिंगारच्या बहिणीकडे दोन दिवस राहिले तरी ज्याला परमुलखात आल्यासारखं वाटायचं, तो गडी शेंगदाण्याच्या चटणीचा डबा मांडीवर घेऊन विमानात बसला.

तिथे सगळं चांगलं होतं. क्वार्टर स्वच्छ, साहेब भला, पॅनही अगदी ओळखीच्या बनावटीचा. हाताखालची माणसंसुद्धा गुणी होती. फक्त ती आपसात त्यांच्या भाषेत बोलत आणि बिभीषणरावांशी इंग्रजीत. बिभीषणरावांचं इंग्रजी स्टीम, व्हॅक्यूम आणि ओके यांच्या पलीकडे जेमतेम दहा-वीस शब्दांवर संपत होतं. त्यात कोणाची सासुरवाडी बसेना. आठ दिवस माणूस खोलीत भिंतीकडे बघत जेवला. नवव्या दिवशी, शनिवारी, त्यांनी बायकोला फोन लावला.

"गोजर, सोमवारी अर्ज देतो. माजं मन न्हाई लागत हितं."

गोजरबाई बोलायला मोजक्या. संसारात कोणीतरी ऐकणारं लागतंच.

"या की. घर तुमचंच हाय," त्या म्हणाल्या. "पन उद्या सुट्टी हाय न्हवं? एक सांज भायेर पडा, मानसात बसून बगा. न्हाईच करमलं, तर द्या अर्ज. कॉटरात कोंडून घेतल्यावर श्रीगोंदाबी परकाच वाटंल."

म्हणून रविवारी चार वाजता बिभीषणराव बाहेर पडले. डोक्याला कारखान्याची पिवळी टोपी, गळ्यात ओळखपत्र, खांद्यावर टॉवेल. लाल मातीचा रस्ता, दोन्हीकडे ऊस. अर्जात काय लिहायचं ते मनात घोळवत चालले होते, तोच वाऱ्यावर वास आला. उकळत्या रसाचा वास. बिभीषणराव रस्त्यातच थांबले. त्यांचे वडील गुळव्या होते, गुऱ्हाळावर गूळ शिजवणारे. चुलवाणाच्या उबेला ज्याचं बालपण गेलं, त्याला हा वास कळायला नाक लागत नाही.

उसाच्या आडोशाला पत्र्याचं छप्पर होतं. खाली चुलवाण पेटलेलं, वर रसाची भली मोठी काहील, शेजारी ऊस पिळणारा डिझेलचा चरखा. चार-पाच माणसं कामात होती आणि एक म्हातारी खाली बसून भाजी निवडत होती.

आता आपल्याकडची रीत अशी की गुऱ्हाळाच्या दारातून कोणी कोरड्या तोंडाने जायचं नाही. वाटसरूने सरळ आत यावं, रस प्यावा, काकवी चाटावी. कोणी विचारत नाही आणि कोणी विचारून घेतही नाही. विचारलं तर गुळव्याला राग येतो. बिभीषणराव त्याच रीतीने हसत आत शिरले, ढिगातला एक ऊस ओढला, गुडघ्यावर मोडला आणि ओंडक्यावर ऐसपैस बसून दाताने सोलायला लागले.

"चालू द्या, चालू द्या," ते मराठीत म्हणाले.

पण चालू काहीच राहिलं नाही. चरखा बंद पडला. दोघे जण उसात पसार झाले. जाळ घालणाराही उठून गेला. मालक तेवढा समोर हात बांधून उभा राहिला, तिशीतला, उंच, वेकेसा नावाचा. तो एकटक टोपीकडे बघत होता. बिभीषणरावांना वाटलं, टोपी आवडली असेल.

खरा प्रकार असा होता की कारखान्याचं आणि गुऱ्हाळांचं तिथे विळ्याभोपळ्याचं सख्य. आमचा ऊस पळवता, असं कारखान्याचे लोक म्हणत आणि तपासणीला येत. त्यातून हा पिवळ्या टोपीचा परदेशी माणूस न विचारता घुसला आणि उसाचा नमुना दाताने तपासू लागला. वेकेसाने मनातल्या मनात गुऱ्हाळाला कुलूप लागलेलं पाहिलं होतं.

"यू, फॅक्टरी?" त्याने विचारलं.

"यस, फॅक्टरी," बिभीषणराव अभिमानाने म्हणाले. झालं, आगीत तेल.

एवढ्यात काहील फुगली. जाळावर कोणी नव्हतं. काळपट फेस काठाला आला. सत्तावीस वर्षांत ज्याने एक पॅन उतू जाऊ दिला नाही, तो माणूस हे बघत बसेल कसा? हातातला ऊस टाकून बिभीषणराव धावले. चुलवाणातली दोन लाकडं बाहेर ओढली, फावडं उचललं आणि काहिलीत फिरवायला लागले. घामाने टोपी कपाळावर घसरली, तशी ती त्यांनी भिरकावून दिली आणि डोक्याला टॉवेल गुंडाळला.

फेस बसला. आता त्यांनी रस नीट पाहिला आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. सगळी मळी रसातच होती. याचा गूळ काळाकुट्ट होणार. "अरं, भेंडी घातली न्हाई व्हय?" ते म्हणाले. वडील रानभेंडी ठेचून तिचं बुळबुळीत पाणी काहिलीत ओतत. मळी त्याला चिकटून वर येई. पण इथे भेंडी आणायची कुठून? त्यांची नजर म्हातारीच्या टोपल्याकडे गेली. तिने भाजी धुतलेलं पाणी बोटांना तार धरत होतं. बिभीषणरावांनी तिच्यापुढे हात जोडले, मूठभर पानं मागून घेतली, ठेचली आणि कुस्करून पाणी काहिलीत सोडलं.

मळी वर आली. जाड सायीसारखी आली. झाऱ्याने ती काढता काढता खालचा रस मधासारखा दिसायला लागला. वेकेसाने बांधलेले हात सोडले आणि तो न सांगता जाळ घालायला बसला. उसात पळालेले दोघेही एकेक करून परत आले.

पुढचे दोन तास कसे गेले ते कोणालाच कळलं नाही. बिभीषणराव अखंड बोलत होते, मराठीत. बाकीचे त्यांच्या भाषेत उत्तरं देत होते आणि काम बिनचूक चाललं होतं. पाण्यात थेंब टाकून त्यांनी गोळी वळली, गूळ तयार झाल्याची खूण म्हणून वेकेसाच्या हातावर ठेवली. काहील उतरली. गूळ पिवळाधमक निघाला. पहिला चिमूटभर त्यांनी सवयीने चुलवाणाला वाहिला, तेव्हा म्हातारी पहिल्यांदा हसली. निघताना तिने केळीच्या पानात गरम गूळ बांधून दिला. वेकेसाने टोपी झटकून आणली, पण डोक्यावर न ठेवता त्यांच्या हातात दिली आणि इंग्रजीत म्हणाला, रविवारी या, ही घरी ठेवून.

दिवेलागणीला क्वार्टरच्या पायरीवर बसून बिभीषणरावांनी फोन लावला.

"जेवला का?" गोजरबाईंनी विचारलं.

"गूळ खाल्लाय. आगं, लई ग्वाड मानसं. त्या वेकेसाची सासुरवाडी पार डोंगरापल्याड हाय. बायको रुसून तिकडंच बसलीया."

"तुमाला कसं कळलं?"

"इचारलं की. हातवारं करून."

गोजरबाई म्हणाल्या, "आन् उद्याचा अर्ज?"

बिभीषणराव अर्ज साफ विसरले होते. "त्ये ऱ्हाऊ दी. फुडच्या म्हयन्यात राहुरीचा फिटर हिकडं यायचाय. त्याच्यासंगं भेंडीचं बी धाड. हितं मंडळींला लावून देतो."

"धाडते," गोजरबाई म्हणाल्या. त्या हसत होत्या. "आन् दोन वळी परसातबी लावते. तुमी याल तवर दोन येळा फळंल."