आठ बार गप्प

शनिवारी झरीची सकाळची शाळा सुटली की मी एसटी पकडून डहाणूला शिकवणीला जातो. वय एक्केचाळीस, पेशा मास्तरकी, पियानोच्या दुसऱ्या पुस्तकात. सायवनच्या भजनी मंडळात मी वीस वर्षं पेटी वाजवतो आहे, त्यामुळे बोटांना शिकवण्यासारखं फारसं उरलं नसेल असा माझा समज होता. तो महिनाभर टिकला.

टीचर सत्तरीच्या, चिकूच्या वाडीत एकट्या राहणाऱ्या. मला मराठीत शिकवतात, पण मात्रा मोजतात गुजरातीत: एक, बे, त्रण, चार. पाच रेघांवरचे काळे ठिपके चारेक महिन्यांत वाचता यायला लागले. अडलं ते ठिपके नसतील तिथे. रेघेला लटकलेली छोटी काळी पट्टी म्हणजे अख्खा बार, चार मात्रांचं एक घर, हात उचलून गप्प. हे कळायला मिनिट लागलं, जमायला वर्षही पुरलं नाही.

पेटीवाल्याचं काम काय, तर बुवा श्वास घेतात तेवढी जागा भरायची. आमच्याकडे गाण्यात भोक पडलं की सगळे पेटीवाल्याकडे बघतात. त्यामुळे पट्टी दिसली की माझी बोटं काहीतरी घालून मोकळी व्हायची. टीचर पेन्सिल आपटायच्या.

"इथे काय लिहिलंय?"

काहीच नाही, मी म्हणायचो.

"काहीच नाही, असं लिहिलंय. वाच."

मग माझा गुडघा हलायला लागायचा. त्याबद्दलही त्यांची तक्रार होती, कारण तो तालात हलत नसे.

त्यांच्या कपाटात चार हातांचं एक पुस्तक होतं. दोघांनी एकाच पियानोवर शेजारी बसून वाजवायचं. डाव्या पानावर डावीकडच्याची ओळ, उजव्या पानावर उजवीकडच्याची. डावीकडे त्यांची थोरली बहीण बसायची. ती गेल्यापासून पुस्तक बंदच होतं. गेल्या हिवाळ्यात गावातल्या एका कार्यक्रमाचं बोलावणं आलं, तेव्हा त्यांनी ते काढलं आणि मला बहिणीच्या जागी बसवलं. पहिल्याच तुकड्यात मला सलग आठ बार गप्प बसायचं होतं. सरावात मी एकदाही आठ पुरे केले नाहीत.

"माझ्या जागेत तुझा एक जरी सूर आला तर मी उठेन," त्यांनी सांगितलं, "आणि पुस्तक परत कपाटात." चिडून नाही. खिडकीवरचा कारकून जेवणाची सुट्टी सांगतो, तशा सुरात.

कार्यक्रमात संगीत आमचं एवढंच. आधी दीपप्रज्वलन, म्हणजे पंखे बंद करेपर्यंत पाच काड्या. मग शाली, नारळ, आणि प्रत्येक पाहुण्याची आजी-माजी सगळी पदं. मी खुर्चीत इतका चुळबुळत होतो की शेजारच्या गृहस्थांनी स्वच्छतागृह कुठे आहे ते हळूच सांगितलं.

शेवटी आम्ही पियानोपाशी बसलो. माझी चार ओळींची सुरुवात नीट झाली आणि त्या पट्ट्या आल्या. हात मांडीवर ठेवून मी मोजू लागलो. तिसऱ्या बारला पहिली रांग माझ्याकडे बघायला लागली. पाचव्याला सूत्रसंचालकांनी माइक उचलला. "सर, घाबरू नका. सरांसाठी एकदा टाळ्या होऊन जाऊ द्या."

टाळ्या झाल्या. त्या गडबडीत माझी मोजणी सुटली. सहावा की सातवा? बोटं मांडीवरून उठली. वीस वर्षांची सवय सांगत होती, काहीही वाजव, निभावून जाईल. टीचर वाजवतच होत्या. माझ्याकडे बघितलंही नाही. मी उजव्या पानावर त्यांची ओळ शोधली. तीन उतरते सूर, मग एक लांब. तसलं कागदावर एकाच ठिकाणी होतं, आणि आता कानावर तेच पडत होतं. सातवा. मी तिथून त्यांच्याबरोबर वाचत पुढे सरकलो, आठवा पुरा होऊ दिला आणि नवव्याला हात ठेवले.

तुकडा संपला. सूत्रसंचालक पुष्पगुच्छ घेऊन पुढे आले. टीचर उठल्या नाहीत. त्यांनी पान उलटलं.

ते पान मी कधीच पाहिलं नव्हतं.

"चालो," त्या हळूच म्हणाल्या. "एक, बे..."

माझी ओळ पट्टीनेच सुरू होत होती. मी हात मांडीवर ठेवले आणि ती वाचली.